क्षयरोगाची निरुपयोगी रक्तचाचणी : एका बंदीचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

७ जून २०१२ रोजी भारत सरकारच्या राजपत्रात दोन छोट्या अधिसूचना प्रसिद्ध झाल्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये मिळालेले अधिकार वापरून सरकारने एका विशिष्ट प्रकारच्या तपासणी-संचांची आयात, निर्मिती, विक्री, वितरण आणि वापर यांवर बंदी घातली. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयरोगाचे निदान करण्याचा दावा करणारे हे संच होते. बंदीच्या आधी या देशात दरवर्षी अंदाजे १५ लाख वेळा ही चाचणी केली जात होती. त्यापोटी रुग्णांच्या खिशातून दरसाल किमान दीड कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ७० कोटी रुपयांच्या घरातील रक्कम बाहेर जात होती. आणि एवढे करून ही चाचणी क्षयरोग भरवशाने ओळखू शकत नव्हती!

क्षयरोगाविषयीचे काही अत्यंत मोलाचे संशोधन याच भारतभूमीवर झालेले आहे. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले की, गरीब वस्तीतील रुग्णाला घरीच नियमित औषधे दिली तर तो आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. सर्व जगाच्या उपचारपद्धतीला त्याने नवे वळण दिले. अशा देशात शास्त्राचा आधार नसलेली चाचणी वर्षानुवर्षे राजरोस चालावी, हे कसे घडले? लोकांच्या अज्ञानाकडे बोट दाखवून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते शोधायचे तर आधी चाचणीचे स्वरूप आणि नंतर तिच्या बाजारपेठेचे स्वरूप, दोन्ही तपासावी लागतात.

चाचणी कशी चालते आणि का फसते

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तेव्हापासून निदानाचा सरळ मार्ग ठरून गेला : रुग्णाच्या बेडक्यात जंतू आहे काय, ते शोधावे. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसला, किंवा प्रयोगशाळेत त्याची वाढ करता आली, की निदान पक्के. रक्तावरून निदान करण्याचा मार्ग आडवळणाचा आहे. जंतू शरीरात शिरल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे रक्तात सापडली, तर रोग आहे असा तर्क करावयाचा. फ्रेंच संशोधक आर्लुआं यांनी १८९८ सालीच या दिशेने प्रयत्न केला होता. म्हणजे कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. ती तपासली गेली नाही असे नाही. तपासली गेली आणि प्रत्येक वेळी अपुरी ठरली.

येथे एक शंका साहजिकच येते. एच.आय.व्ही.ची चाचणीदेखील प्रतिपिंडांवरच आधारलेली आहे आणि ती विश्वसनीय मानली जाते. मग क्षयरोगाच्या बाबतीतच अडचण का? एच.आय.व्ही.चा विषाणू एकदा शरीरात शिरला की तो तेथून जात नाही. त्यामुळे प्रौढ माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे हाच संसर्गाचा पुरावा ठरतो. क्षयरोगाचे तसे नाही. भारतात १५ वर्षांवरील लोकसंख्येपैकी सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेला आहे, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत आढळले. यांपैकी बहुसंख्य लोक कधीही आजारी पडत नाहीत. जंतू त्यांच्या शरीरात निपचित पडून असतो. याखेरीज जन्मतः दिली जाणारी बी.सी.जी.ची लस आहे, आणि मातीत व पाण्यात वावरणारे क्षयजंतूचे निरुपद्रवी भाईबंदही आहेत. या सर्वांच्या खुणा रक्तात उमटू शकतात. उलट ज्याला खरोखर रोग झाला आहे, विशेषतः ज्याची प्रतिकारशक्ती एच.आय.व्ही.ने खिळखिळी केली आहे, त्याच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. निरोग्याला रोगी ठरवणे आणि रोग्याला निरोगी ठरवणे, हे दोन्ही दोष या चाचणीच्या मुळाशीच आहेत. संच अधिक महाग केल्याने किंवा यंत्र अधिक चकचकीत केल्याने ते दूर होत नाहीत.

पुरावा काय सांगतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००८ साली बाजारातील १९ झटपट चाचण्या एकाच मोजपट्टीने तपासण्यात आल्या. शंभर खऱ्या क्षयरुग्णांपैकी किती जणांना चाचणी पकडते, याचे उत्तर सर्वांत वाईट चाचणीच्या बाबतीत १ आणि सर्वांत चांगलीच्या बाबतीत ६० असे आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर समीक्षेत फुप्फुसाच्या क्षयरोगाविषयीच्या ६७ अभ्यासांचा धांडोळा घेतला गेला. खरे रुग्ण ओळखण्याची क्षमता शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत आणि निरोग्यांना निरोगी म्हणण्याची क्षमता ३१ पासून शंभर टक्क्यांपर्यंत, अशी निष्कर्षांची विलक्षण ओढाताण त्यात दिसली. ज्या मापाने आज एक आणि उद्या दुसरेच वजन दाखवावे, त्याला बाजारातील वाणीदेखील माप म्हणणार नाही.

सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या एका चाचणीचे त्यातल्या त्यात बरे आकडे घेऊन हिशेब मांडता येतो. बेडक्यात जंतू दिसणाऱ्या रुग्णांपैकी ७६ टक्क्यांना ती ओळखते आणि क्षय नसलेल्यांपैकी ९२ टक्क्यांना ती योग्य रीतीने वगळते. हे ऐकायला वाईट वाटत नाही. पण समजा, दीर्घ खोकल्याची तक्रार घेऊन १,००० माणसे आली आणि त्यांतील १०० जणांना खरोखर क्षय आहे. चाचणी त्यांतील ७६ जणांना पकडील, २४ जणांना मोकळे सोडील. उरलेल्या ९०० निरोग्यांपैकी ८ टक्के, म्हणजे ७२ जणांनाही ती क्षयरोगी ठरवील. एकूण १४८ जणांच्या हातात ‘क्षय आहे’ असा कागद पडेल आणि त्यांतील जवळजवळ निम्मे कागद खोटे असतील. हा हिशेब बऱ्या आकड्यांचा आहे. ज्यांच्या बेडक्यात जंतू दिसत नाही आणि म्हणून ज्यांना दुसऱ्या चाचणीची खरी गरज असते, त्यांच्या बाबतीत ७६ चा आकडा ५९ वर घसरतो. अडचणीच्या वेळी जी कामाला येत नाही, ती चाचणी काय कामाची?

सर्व देशाचा विचार करून २०११ सालीच आणखी एक गणिती अभ्यास झाला. १५ लाख संशयितांची बेडक्याऐवजी रक्ताची तपासणी केली तर सुमारे १४,००० खरे रुग्ण अधिक सापडतील. पण त्याचबरोबर १,२१,००० निरोगी माणसे अधिक प्रमाणात रोगी ठरतील आणि खर्च सुमारे चौपट होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नयेत असे स्पष्ट शब्दांत सांगितले. क्षयरोगाच्या क्षेत्रात सर्रास रूढ असलेल्या एखाद्या पद्धतीविरुद्ध संघटनेने असा नकारात्मक आदेश देण्याची ती पहिलीच वेळ होती.

चुकीच्या कागदाची किंमत

हे आकडे श्रमिकांच्या वस्तीत उतरतात तेव्हा त्यांचा अर्थ काय होतो? भिवंडीतील यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या तरुणाला क्षय नसताना क्षयरोगी ठरवले गेले, असे समजा. त्याला किमान सहा महिने अनेक औषधे घ्यावी लागतात. त्यांतील काही औषधे यकृताला इजा करू शकतात. मालकाला कळले तर काम जाते. गावाकडे ठरलेले लग्न मोडते. आणि त्याच्या खोकल्याचे खरे कारण तसेच राहते.

हा मुद्दा कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. कापूस गिरणीतील तंतुकणांनी होणारा बिसिनोसिस, दगडखाणीतील आणि पाटीच्या पेन्सिलींच्या कारखान्यातील धुळीने होणारा सिलिकोसिस, यांची लक्षणे क्षयरोगासारखीच दिसतात. हे व्यवसायजन्य रोग आहेत आणि नुकसानभरपाईच्या कायद्यात त्यांची नोंद आहे. अशा कामगाराच्या कागदावर ‘क्षय’ हा शब्द चढला की मालकाची जबाबदारी संपते आणि दोष कामगाराच्या नशिबावर, वस्तीवर किंवा सवयींवर ढकलला जातो. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो, म्हणून दोन्हींचे नेमके निदान होणे तर फारच आवश्यक. चुकीचे निदान अशा रीतीने मालकवर्गाच्या पथ्यावर पडते.

दुसरी बाजू याहून भयंकर आहे. ज्याला खरोखर क्षय आहे, त्याच्या हाती ‘रोग नाही’ असा कागद पडला, तर तो दहा बाय दहाच्या खोलीत कुटुंबासह खोकत राहतो. उपचार न झालेला एक रुग्ण वर्षाकाठी दहा ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पैसे भरून घेतलेला तो कागद साऱ्या चाळीला महागात पडतो.

बाजारपेठेचे रहस्य

मग ही चाचणी इतकी वर्षे टिकली कशी? तीन कारणे एकमेकांत गुंतलेली होती.

पहिले कारण कायद्यातील पोकळी. औषध उद्योगाविषयी १९७५ साली हाथी समितीचा अहवाल आला, त्यावर देशात पुष्कळ चर्चा झाली. पण ती चर्चा औषधांची होती. तपासणी-संच हा विषय दीर्घकाळ जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. रक्तगट, एच.आय.व्ही., कावीळ अशा मोजक्या चाचण्यांच्या संचांवर कडक नियंत्रण होते. क्षयरोगाच्या रक्तचाचण्या त्यातून सुटल्या. यांतील बहुतेक संच युरोप आणि उत्तर अमेरिकेत तयार होत होते. परंतु कोणत्याही मान्यताप्राप्त नियामक संस्थेची त्यांना क्षयनिदानासाठी मान्यता नव्हती. ज्या मालाला घरच्या बाजारात स्थान नाही, तो जेथे नियंत्रण ढिले आहे अशा देशांत खपवावयाचा, ही बहुराष्ट्रीय व्यापाराची जुनीच रीत येथेही दिसली.

दुसरे कारण नफ्याची साखळी. सूक्ष्मदर्शकाखालील बेडक्याची तपासणी स्वस्त आहे. तिच्यात फारसे पैसे सुटत नाहीत. रक्तचाचणीसाठी रुग्णाला हजार-दीड हजार रुपयांपर्यंत मोजावे लागत. या रकमेत संचाचा आयातदार, वितरक, प्रयोगशाळा अशा प्रत्येकाचा वाटा होता, आणि जेथे ‘कट’ची प्रथा होती तेथे रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टरचाही. तपासणीसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे. तरीही ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द मुंबई-पुण्यापासून दिल्ली-हैदराबादपर्यंत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सर्वच डॉक्टर असे वागतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रामाणिक डॉक्टरांनी आणि संशोधकांनी पुरावे गोळा करून पाठपुरावा केला, म्हणूनच बंदी आली. पण जेथे प्रत्येक टप्प्यावर महाग चाचणीतून अधिक प्राप्ती होते, तेथे व्यक्तीचा प्रामाणिकपणा एकटा पुरा पडत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते मान्य करण्यास धैर्य लागते. रक्तचाचणीला ग्राहक मिळाले, कारण सार्वजनिक सेवेत खरोखरच एक उणीव होती. बेडक्याच्या तपासणीत जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्यामुळे ती जवळपास निम्मे रुग्ण हुकवते. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात बेडक्याचा उपयोग नाही. जंतूची वाढ करून पाहण्यास कित्येक आठवडे लागतात. त्यात सरकारी केंद्राची वेळ आणि कारखान्याची पाळी एकच. दोनदा खेप घालायची तर दोन दिवसांची मजुरी बुडते. याउलट गल्लीच्या कोपऱ्यावरची खाजगी प्रयोगशाळा रात्री आठलाही रक्त घेते आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद देते. कामगाराने तेथे जाणे हा अंधविश्वास नव्हता. उपलब्ध परिस्थितीत त्याने केलेला तो हिशेब होता.

याला इतिहासाचा आधार आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या वतीने देबाबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातील माणसे रोगाविषयी उदासीन असतात, हा त्या काळचा पक्का समज होता. अभ्यासात आढळले ते उलटेच. बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक रुग्ण स्वतःहून दवाखान्यात गेलेही होते. तेथून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते! लोक शास्त्राच्या दारापर्यंत आले होते. दार त्यांना बंद मिळाले. जेथे हे दार बंद राहते, तेथे बाजार आपले दुकान उघडतो. क्षयरोगाच्या रक्तचाचणीचा सर्व इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे.

बंदीनंतर

बंदी आवश्यक होती आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु बंदीने पोकळी भरली जात नाही. प्रतिपिंडांची चाचणी गेली, तेव्हा काही ठिकाणी तिच्या जागी इंटरफेरॉन-गॅमा नावाने ओळखली जाणारी दुसरी रक्तचाचणी सक्रिय क्षयाच्या निदानासाठी वापरली जाऊ लागली. ही चाचणी खोटी नाही. शरीरात क्षयजंतूचा संसर्ग झालेला आहे काय, एवढेच ती सांगते, आणि रुग्णाच्या घरातील माणसांना प्रतिबंधक औषधे देण्यापूर्वी तिचा उपयोगही आहे. पण संसर्ग आणि रोग यांतला फरक ती सांगू शकत नाही. म्हणून भारतासारख्या देशांत प्रत्यक्ष रोगाच्या निदानासाठी ती वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच बजावले होते. चांगले अवजार चुकीच्या कामाला लावले, तर तेही अशास्त्रीयच ठरते.

विषमज्वराची विडाल चाचणी हे याच जातीचे अधिक परिचित उदाहरण. १८९६ साली फ्रान्समध्ये निघालेली ही चाचणीदेखील प्रतिपिंडे मोजते. जेथे विषमज्वराचा प्रादुर्भाव नित्याचा आहे, तेथे एकाच नमुन्यावरून केलेली विडाल चाचणी फारशी विश्वसनीय नसते. रक्तातील जंतूची वाढ करून पाहणे हाच पक्का मार्ग आहे. तरी पावसाळ्यात तापाच्या कितीतरी रुग्णांना एका विडालच्या कागदावर प्रतिजैविके सुरू होतात.

क्षयरोगाच्या बाबतीत आज खरा पर्याय उपलब्ध आहे. बेडक्यातील जंतूचा जनुकीय अंश शोधून दोन तासांच्या आत निदान करणारी आणि रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही तेही सांगणारी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्य केली. भारतीय केंद्रांत तिला सीबीनॅट म्हणतात. गोव्यातील एका भारतीय कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट ही बॅटरीवर चालणारी चाचणी खेड्यातील केंद्रांतही वापरता येते; तिलाही २०२० साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मात्र खऱ्या चाचणीलाही मक्तेदारीचे ग्रहण लागू शकते. सीबीनॅटच्या तंत्राच्या विकासात सार्वजनिक पैशाचा मोठा वाटा होता. तरी तिच्या प्रत्येक कुपीची सवलतीची किंमतदेखील २०१२ पासून दहा डॉलरच्या आसपास अडकून पडली होती. जगभरच्या रुग्ण-संघटनांनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवल्यावर २०२३ साली ती आठ डॉलरच्या खाली आली. संघटित मागणीने काय होऊ शकते, याचा हा लहानसा पण बोलका पुरावा आहे.

२०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी तपासणी-संच धोक्याच्या प्रमाणात वर्गवारी करून नियंत्रणाखाली आणले, हेही पुढचे पाऊल आहे. तथापि २०२४ सालीदेखील जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात होता. तेव्हा समाधान मानून स्वस्थ बसण्याची ही वेळ नाही.

कार्यकर्त्यांचे काम

या सर्वांतून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे?

प्रथम, वस्तीत आणि कारखान्यात साधी माहिती पोहोचवावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर बेडक्याची तपासणी झाली पाहिजे. ती आणि पुढची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. केवळ रक्ताच्या कागदावर कोणी क्षयाचे उपचार सुरू करीत असेल, तर ‘बेडका तपासला काय?’ हा एक प्रश्न रुग्णाने विचारावा. रक्त तपासण्याला सरसकट विरोध करणे हा मूर्खपणा होईल. मलेरिया, मधुमेह, एच.आय.व्ही. यांचे निदान रक्तावरूनच होते. प्रश्न रक्ताचा नाही, पुराव्याचा आहे. कोणत्याही चाचणीविषयी तीन गोष्टी विचाराव्यात : तिची तपासणी विकणाऱ्याखेरीज आणखी कोणी केली आहे काय? शंभर रोग्यांतील किती ती पकडते आणि शंभर निरोग्यांतील किती जणांना फसवते? तिच्या उत्तराने उपचार बदलणार आहेत काय?

दुसरे, कामगार संघटनांनी आपल्या मागण्यांत या प्रश्नाला जागा द्यावी. तपासणीच्या दिवशी पगारी रजा, सरकारी केंद्रे संध्याकाळी पाळी सुटल्यावर उघडी राहणे, धुळीच्या धंद्यांत नियमित छातीची तपासणी आणि व्यवसायजन्य रोगाची स्वतंत्र नोंद, या मागण्या वेतनाच्या मागणीहून कमी दर्जाच्या नाहीत.

तिसरे, शासनाकडे आग्रह धरावा की जनुकीय तपासणीची सोय गावपातळीच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचली पाहिजे, यंत्र आले तर तंत्रज्ञाची जागाही भरली गेली पाहिजे, आणि प्रत्येक तपासणी-संचाचे स्वतंत्र मूल्यमापन बाजारात येण्यापूर्वी होऊन त्याचे निष्कर्ष जनतेसमोर मांडले गेले पाहिजेत.

कॉम्रेड्स, शास्त्रीय दृष्टिकोन अंगी बाणवणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत नोंदले गेले आहे. पण शास्त्र नुसते घटनेत नोंदून किंवा व्याख्यानांतून सांगून जनतेचे होत नाही. तुमकूरच्या खेडुताला खोकल्याच्या बाटलीऐवजी त्या दिवशी बेडक्याची तपासणी मिळाली असती, तर शास्त्र त्याचे झाले असते. आज ती तपासणी अस्तित्वात आहे, औषधेही आहेत. पाळी संपवून थकून आलेल्या कामगाराला ती त्याच्या घराजवळ, त्याची मजुरी न बुडता आणि एक पैसाही न मोजता मिळेल, अशी व्यवस्था उभी करण्यासाठी झगडणे, हे काम उरले आहे. खोट्या चाचण्यांवरील खरी बंदी त्या दिवशी अमलात येईल.